लावा, विसरा, जवळ घ्या

मी मलमाची ट्यूब बोलतेय. करंगळीएवढीच आहे. ओठाच्या कडेला पाण्याने भरलेले बारीक फोड उठतात, ठणकतात, मग वर खपली धरते, त्यांच्यावर लावायचं मलम माझ्या पोटात आहे. होतं, असं म्हणायला हवं. आता मी इतकी पिळली गेलेय की बोलतानाही दम लागतो. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

कारखान्यात आमच्या पोटात मागून मलम भरतात आणि शेपटी दुमडून दाबून टाकतात. पुढचं तोंड तर आधीच बंद असतं. म्हणजे जन्मताच दोन्हीकडून गप्प. बोलायचं काम आमच्यासोबत खोक्यात घातलेल्या कागदाचं. आठ घड्यांचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा. तो बिचारा सगळं खरं सांगतो आणि त्याला कुणी उलगडत नाही.

माझ्या बहिणी दुकानात गेल्या. मी नमुना म्हणून एका जाहिरात कंपनीत गेले, जाहिराती लिहिणाऱ्या एका बाईच्या टेबलावर. चाळिशीकडे झुकलेली, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणारी बाई. मागून कुणी हाक मारली तरी दचकायची. पण कामाला चोख. तिने तो कागद उलगडला, पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचली आणि एका ओळीवर थांबली. ‘खपली पूर्ण पडेपर्यंत कुणाचा पापा घेऊ नये. तान्ह्या बाळांपासून दूर राहावे. त्यांच्या जिवावर बेतू शकते.’

ती कागद घेऊन साहेबांकडे गेली. मला मुठीत धरूनच.

“साहेब, हे कुठेतरी यायला हवं ना?”

“कागदावर आहे ना?”

“हो.”

“मग आलं की. आतल्या कागदाने घाबरवायचं, बाहेरच्या खोक्याने लाड करायचे. तुम्ही लाडाचं लिहा.”

तिने लाडाचं लिहिलं. ‘लावा, विसरा, जवळ घ्या.’ चार शब्द, पण कसे गुळगुळीत. साहेब बेहद्द खूश झाले. टीव्हीवरची जाहिरातही निघाली. एक आई ओठाला मलम लावते आणि लगेच लेकीच्या गालाला ओठ टेकवते. त्या आईला फोड नव्हताच, लाल रंगाचा ठिपका होता, कापसाने पुसला की गेला. शूटिंगला मलाही नेलं होतं, मी ते शेजारच्या ट्रेमधून पाहत होते. खरं सांगू, माझ्याने एवढं होत नाही. ओठ चुरचुरायला लागताच लावलं तर आठ-दहा दिवसांच्या दुखण्यातला एखादा दिवस मी कमी करते. माझी ऐपत तेवढीच. पण माझ्या नावाने इतकं बोललं गेलं की ऐकूनच मी दमले. पुढे वर्षभर टेबलाच्या खणात स्टेपलरखाली पडून होते, ते एका अर्थी बरंच झालं.

मग त्या बाईच्या धाकट्या भावाला मुलगी झाली. भावाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. ही आत्या झाली, आणि नेमका त्याच दिवशी हिला सणसणून ताप भरला. आठ दिवस फोनवर बाळाचे फोटो मोठे करकरून पाहण्यात गेले. ताप उतरला तेव्हा ओठाच्या कोपऱ्यात चार फोड. खणातून मला शोधून काढलं, झाकणाच्या टोकाने माझं तोंड फोडलं आणि लावलं. फोड उठून दोन दिवस झाले होते. मला हसू आलं. जिने तो कागद पट्टी लावून वाचला तिनेही उशीरच केला.

रविवारी ती भावाकडे गेली. मी पर्समध्ये. दारातच तिने मला काढून शेवटपर्यंत पिळलं, ओठावर पुन्हा एक जाड थर दिला आणि मुठीत धरून आत शिरली.

“या आत्याबाई,” भाऊ म्हणाला. “नववा दिवस आहे. आम्हाला वाटलं, पोरगी बारावी पास झाल्यावरच भेटायला येतेस.”

“गप रे. ताप होता मला.”

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. लेकीचं तोंड पाहून तिचा चेहरा उजळला. “ताप ओठावर फुटला वाटतं. म्हणजे अंगातून गेला सगळा. बरं झालं बाई, आता घे पोरीला.”

पलंगावर वहिनी बसली होती. मांडीवर दुपट्यातलं गाठोडं, त्यातून फक्त नाक दिसत होतं. तिने नणंदेच्या ओठाकडे पाहिलं आणि गाठोडं छातीशी ओढलं.

“ताई, आत्ताच झोपलीय. नंतर घ्या ना.”

“झोपलेल्या बाळाला घेत नाहीत का कुणी?” आई म्हणाली. “नऊ दिवस झुरलीय ती. आण इकडे.”

“तसं नाही, आई. ते ओठावर…”

“अगं, औषध लावलंय तिने. टीव्हीवर रोज दाखवतात, लावा, विसरा, जवळ घ्या. कुणी लिहिलंय ते? हिनेच. अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय मी.”

वहिनीने वाक्य पुरं केलं असतं तर नणंदेच्या कामावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीचा पडदा नीट करत होता. आईने गाठोडं उचललं आणि लेकीपुढे धरलं.

मूठ घामाने भिजली होती, मला ते कळत होतं. तिचा दुसरा हात पुढे झाला, बाळाच्या डोक्याखाली गेलासुद्धा. किती दिवसांची भूक होती त्या हाताला. बाळाने झोपेत ओठ मुडपले आणि ती खाली वाकली. गाल आणि फोड यांच्यात वीतभर अंतर राहिलं असेल. मला ओरडावंसं वाटलं. पण मलमाची ट्यूब कशी ओरडणार?

ती सरळ झाली. हात काढून घेतला.

“आई, हिला परत दे.”

“का गं?”

“ते खोटं आहे.”

“काय खोटं?”

“मी लिहिलेलं. खपली पडेपर्यंत जवळ घ्यायचं नसतं. एवढ्याशा बाळाच्या तर जिवावर बेतू शकतं. मी वाचलं होतं, आई. वाचूनच लिहिलं.”

वहिनीने बाळ घेतलं आणि तोंड फिरवून रडली. भावाने पडदा सोडला. त्याने बहिणीसाठी दारापाशी खुर्ची ठेवली, म्हणाला, “इथून दिसते ती. बस.”

आई पलंगाच्या कडेला बसली. “मग आता मी बिल्डिंगमध्ये काय सांगू?”

“हेच सांग.”

सोमवारी ती साहेबांकडे गेली. ‘विसरा’ काढून ‘थांबा’ घालू या म्हणाली. साहेब हसले. “‘थांबा’ म्हणून काही खपतं का, बाई?” जाहिरात अजून चालू आहे. पुढची जाहिरात लिहायला तिने नकार दिला, ती दुसऱ्या कुणीतरी लिहिली. ती गोड आहे म्हणतात.

त्या रविवारी मी भावाच्या घरातच राहिले, दाराजवळच्या फळीवर, किल्ल्यांच्या वाटीत. तिथून मला सगळं ऐकू येतं. खपली पडून त्वचा साफ झाल्यावर आत्या आली, कोपरापर्यंत हात धुतले आणि पुढे दोन तास बाळ कुणाला दिलंच नाही.

माझ्यात आता दाबूनही काही निघत नाही. मला टाकून द्या, माझी तक्रार नाही. फक्त माझी एखादी बहीण घरी आणलीत तर खोक्यातला तो कागद तिच्याआधी उघडा. आमच्यापेक्षा तो कामाचा आहे.

आत्ताच बेल वाजली. शेजारीण बाळाला पाहायला आलीय. आजीने दार अर्धंच उघडलंय, तिचा आवाज येतोय.

“ओठाला काय झालंय तुझ्या? नाही, नाही, औषध लावलंस तरी नाही. टीव्हीवरचं मला सांगू नकोस, ते माझ्याच मुलीने लिहिलंय. खपली पडली की ये, चहा करते.”