दोनदा नको

भगवानरावांच्या घरी सून येऊन चार दिवस झाले होते आणि चारही दिवस ते अर्धपोटी उठत होते. स्वयंपाकात खोट नव्हती. सून चेन्नईची, मराठी येत नव्हतं, पण हाताला चव होती. ती भात घेऊन यायची, वाकून विचारायची, "वुड यू लाइक सम मोअर, बाबा?" भगवानराव ताटावर हात आडवा धरून म्हणायचे, "नो, नो." ती मान डोलवून पातेलं आत घेऊन जायची.

मारेगावात असं कोणी करत नाही. जेवणाऱ्यानं दोनदा नको म्हणायचं, वाढणाऱ्यानं तिसऱ्यांदा वाढायचं. त्यांच्या बायकोनं, इंदूबाईनं तर चौतीस वर्षं विचारलंच नाही, हात बाजूला सारून वाढलं. तिला जाऊन सात महिने झाले होते. मुलगा पियुष जेवणाच्या वेळी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये असायचा. दोघं रविवारी बल्लारशाहून गाडी धरणार होते. त्यांनी आणखी राहावं असं भगवानरावांना फार वाटत होतं, पण म्हणणार कसं?

शनिवारी ते शेजारच्या मोनालीकडे गेले. ती इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची.

"पोरी, 'नको म्हटलं तरी वाढ' याले इंग्रजीत काय म्हन्ते?"

"असं काही नसते, काका. पाह्यजे असन तर 'येस, प्लीज' म्हना."

"पयल्या झटक्यात? हावऱ्यावानी?"

"त्याइच्यात लाज नाही वाटत. तुमी नो म्हटलं म्हन्जे नो. म्हनून पाहा. वुड यू लाइक सम टी?"

"नो, नो."

"मंग जा तसेच घरी."

तिसऱ्या खेपेला 'येस, प्लीज' निघालं, तेही आजूबाजूला कोणी नाही हे बघून. चहा मिळाला.

घरी आले तर पलंगावर बॅग उघडी होती. सून बाहेर आली, समोर खुर्ची ओढून बसली आणि सावकाश म्हणाली, "बाबा, वुड यू लाइक अस टू स्टे वन मोअर वीक?"

भगवानरावांना सगळं कळलं. आठवडा कळला, राहणं कळलं. आणि तोंडातून गेलं, "नो, नो."

सुनेनं मान डोलवली. ती आत गेली. कपड्यांच्या घड्या बॅगेत पडू लागल्या.

ही बाई दुसऱ्यांदा विचारणार नाही, एवढं भगवानरावांना चार दिवसांत समजलं होतं. ते उठले आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"येस," ते म्हणाले.

सुनेनं वळून पाहिलं.

"येस, प्लीज. आय वुड लाइक." मग राहवेना, म्हणून मराठीत जोडलं, "पन तुमाले कामं असन तर जा बाप्पा. माह्यासाठी काहून थांबता?"

सून गोंधळली. तिनं कोपऱ्यात बसलेल्या पियुषला विचारलं, बाबा काय म्हणाले?

पियुषनं कानातला इयरफोन काढला. बापाकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं.

"ही सेड येस," तो म्हणाला, आणि मोबाइलवर तिकिटं रद्द करायला लागला.