मुतलाच्या कड्यावरची बहिरी

मित्रांनो, मी एक म्हातारी बहिरी आहे. हसू नका, मला चांगलं ऐकू येतं! बहिरी ही ससाण्याची जात. मी कुवेतमध्ये राहते आणि अजून शिकार करते.

माझा जन्म पिंजऱ्यातला. हारून नावाच्या कुवेती मालकाने मला लहानपणीच आणलं. माझी देखभाल करायचा रत्नागिरीकडचा शत्रुघ्न. तो मला 'बाय' म्हणायचा. हिवाळ्यात आम्ही मुतलाच्या कड्यावर शिकारीला जायचो. तो फार उंच नाही, पण कुवेतला तोच डोंगर. तिथे मी वारा ओळखायला शिकले. सकाळी वाळवंटाकडचा वारा कडा ओलांडतो आणि खाडीच्या बाजूला खाली कोसळतो. त्यात सापडलं की पंख असून नसल्यासारखे. ऊन चढून दगड तापले की वारा खाडीकडून येतो, कड्याला थडकतो आणि सरळ वर चढतो. मग नुसते पंख पसरले तरी आभाळ गाठता येतं.

एका सकाळी हारूनला पाहुण्यांपुढे माझी झेप दाखवायची घाई झाली. मी जाईना, तेव्हा मी बसले होते तो हात त्याने झटकला. कोसळत्या वाऱ्याने मला खडकावर आपटलं. उजव्या पंखाची पिसं मोडली.

पक्ष्यांच्या दवाखान्यातल्या विनिता डॉक्टर पुण्याच्या. त्यांनी माझीच पूर्वी गळालेली पिसं मोडक्या पिसांच्या बुंध्यांत एकेक करून बसवली. पण हारून म्हणाला, "म्हातारी झाली. आता दिवाणियात बसू दे."

दिवाणिया म्हणजे त्याची बैठकीची खोली. तिथे माझ्या पायात दोरी आणि वारा फक्त एसीचा. पाहुणे माझ्याशेजारी फोटो काढायचे. मी एकाचं बोट फोडलं. मग दुसऱ्याचं.

"हिला झालंय तरी काय?" हारूनने डॉक्टरांना विचारलं.

"राग आलाय. पंख उत्तम आहे, उडवून बघा," विनिता डॉक्टर म्हणाल्या.

पुन्हा तोच कडा आणि पुन्हा सकाळचाच वारा. हारूनने माझ्या डोळ्यांवरची कातडी टोपी काढून हात उंचावला. मी हातमोज्यात नख्या रुतवल्या. त्याने हात झटकला, मी सुटले नाही.

"घाबरली," तो म्हणाला.

शत्रुघ्न रडवेला झाला. "जा गो बाय, नायतर परत त्याच खोलीत बसशील!"

मी त्याचंही ऐकलं नाही. हारूनचा हात अवघडला, तरी मी बसूनच राहिले. ऊन चढलं. मग खाडीकडचा वारा माझ्या छातीच्या पिसांत शिरला आणि मी झेप घेतली. उबदार वारा मला वर, आणखी वर नेत गेला. खाली ते दोघं ठिपक्यांएवढे झाले.

"गेली! आता कुठली येते!" हारून ओरडला.

मी पंख मिटले, दगडासारखी खाली आले आणि उडतं कबुतर हवेतच धरलं. ते घेऊन कड्याच्या माथ्यावर बसले. हारूनने शीळ घातली. मी गेले नाही. शेवटी तोच धापा टाकत वर आला, माझं खाणं होईपर्यंत शेजारी बसला आणि हात पुढे करून म्हणाला, "येतेस?"

त्याने विचारलं, म्हणून मी आले.

मित्रांनो, म्हाताऱ्यांना मऊ गादीवर बसवून ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे. माझे पंख जपा, मला वेळेवर खाऊ घाला. पण कधी उडायचं ते मी ठरवीन. तुम्ही फक्त माझ्या पायातली दोरी सोडा.