पाठीवरचा हत्ती

मी फणसाचा पाट बोलतोय. हळू बोलतो, कारण कालच्या सरीनं माझी एक कड फुगली आहे. आणि मुळात मी भित्रा. झाडावरून पेरू पडला तरी दचकतो.

मलकापुरात सुभेदार लालासाहेबांच्या घरामागं ही बाग आहे. इथंच एका वादळात फणस आडवा झाला आणि हरिबा सुतारानं त्याचे पाच पाट केले. चौघं माझे भाऊ. मी सगळ्यांत धाकटा, म्हणून माझ्यावर जेवायला बसायची ती घरातली एकुलती एक लेक, शालन.

हस्त नक्षत्र लागलं, की शालन मला काखेत मारून बागेत आणायची. माझ्यावर खडूनं हत्ती काढायचा, पेरूच्या झाडाखाली मला ठेवायचं आणि आळीतल्या पोरींनी माझ्याभोवती फेर धरायचा. हडगा! पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असे सोळा दिवस. मग खिरापत. झाकलेला डबा खुळखुळ वाजवायचा आणि आत काय ते बाकीच्यांनी ओळखायचं. शेवटच्या दिवशी हत्ती पुसला, की मी पुन्हा जेवणाचा पाट.

पण हस्ताचा पाऊस वेळ-काळ बघत नाही. खडूचा हत्ती रोज धुऊन जायचा आणि शालन रडायची. सत्तर साली सुभेदार रजेवर आले होते. त्यांनी आपल्या ट्रंकेवर नाव आणि नंबर घालायचा पांढरा ऑइलपेंट काढला, आणि माझ्या पाठीवर चांगला सोंडबिंड असलेला हत्ती रंगवला.

शालनची आई, मनुबाई, पिठाच्या हातानं बाहेर आली.

"आवं, हे काय करून ठेवलंसा? शेवटी पुसायचा असतोय त्यो!"

"पुसायचाच, तर काढायचा कशाला?"

"आन् आता ह्याच्यावर जेवायला बसायचं कुणी? गजराज हाय त्यो!"

"मग मी बसतो की."

"बसा, म्हंजे पलटणीची शिस्त देवाला कळंल."

ते काही बसले नाहीत. कुणीच बसलं नाही. भाऊ पंक्तीला जायचे; मी धान्याच्या कणगीमागं उभा. वर्षातले सोळा दिवस तेवढे माझे. पण काय ते दिवस! पावसानं धुतलेली केळीची पानं, कुंपणाला गुलबक्षी, पेरूच्या सावलीत ओल्या मातीचा वास, आणि भोवती पोरींचे अनवाणी पाय. उरलेलं वर्ष मी त्यावर काढायचो.

शहात्तर साली शालनचं लग्न झालं, कवठे महांकाळकडं. त्याच हिवाळ्यात मनुबाई गेली. सुभेदार पेन्शनीत आले आणि घरात त्यांचा रेडिओ तेवढा बोलायचा. शालनविना दोन हस्त आले नि गेले; मी कणगीमागंच.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात शालन परत आली. ट्रंक घेऊन आली. सुभेदारांनी ट्रंक आत नेऊन ठेवली, एवढंच.

हस्त लागला तसं तिनं मला बाहेर काढलं, पुसलं, पेरूखाली ठेवलं. पहिल्या दिवशी पाच पोरी आल्या. एक गाणं झालं. दुसऱ्या दिवशी फेर धरला तोच कुंपणापलीकडून शेजारच्या अंबूबाईनं आपल्या लेकीला हाक मारली.

"विजे! घरला ये. सासर सोडून आलेलीच्या हडग्यात लग्नाच्या पोरींचं काय काम?"

शालनच्या हातातला डबा केवढ्यानं वाजला! विजू गेली. मग एकेक करत सगळ्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. तरी शालननं खिरापत केली. डबा मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसून राहिली. गाणं नाही, काही नाही. हत्तीच्या कानावरून नुसतं बोट फिरवत होती.

ओसरीवरचा रेडिओ बंद झाला. सुभेदार अनवाणी बागेत उतरले.

"वाजीव."

"आबा, हे बायकांचं असतंय."

"हुकूम हाय. वाजीव."

तिनं वाजवला. आवाजच येईना. त्यांनी डब्याला कान लावला.

"लाडू?"

"न्हाई."

"मग वड्या?"

"न्हाई वो."

"हरलो. दारूगोळा हाय का काय?"

वाटली डाळ होती. शालन हसली, आल्यापासून पहिल्यांदाच. मग सुभेदारांनी माझ्याभोवती तीन फेऱ्या घातल्या, परेडसारख्या, हात हलवत. असं ते रोज करत राहिले. रोज हरले. कुंपणामागून पोरी खिदळायच्या, पण आत कुणी यायची नाही.

सोळाव्या दिवशी शालननं रिवाज म्हणून ओलं फडकं फिरवलं. हत्ती तसाच.

"चुकलंच माझं तवा," सुभेदार म्हणाले. "पुसंना झालाय."

"ऱ्हाऊ द्या, आबा. पुसाय न्हाई लागत."

यंदा उन्हाळ्यात सुभेदार गेले. शालनला सांगलीत मुलींच्या वसतिगृहात नोकरी लागली. जायच्या दिवशी तिनं माझ्या चारी भावांना कणगीमागं ठेवलं. मला उचललं आणि दारात थांबली.

"तुला बी आत कोंडून जाऊ?"

तिनं मला पेरूखाली ठेवलं आणि कुलूप लावलं.

तेव्हापासून सगळी बाग माझी एकट्याची. केळी माजल्यात, पेरू पिकून पडतात, खायला खारी. इतकी गर्द सावली मी कधी पाहिली नव्हती. आणि भोवती एकही पाऊल नाही. भाऊ आत कोरडे आहेत. मी इथं कुजेन, ते मला कळतं. तरी मला आत नेऊ नका. फक्त कुणीतरी या. गाणं येत नसलं तरी चालेल, सुभेदारांनाही येत नव्हतं.

आज हस्त लागला. दुपारी कुंपण हललं, आणि मी दचकलो. विजू होती. वर्षात उंच झाली आहे. तिनं मागं वळून पाहिलं, माझ्यावरची पानं झटकली, ओठातल्या ओठात एक गाणं म्हणत एक फेरी घातली आणि आईची हाक येताच पळाली.

एकच गाणं. पण पहिल्या दिवशी एकच असतं. उद्या दोन.