पाढेबाईंची विहीण

बाईंचं खरं नाव क्लासच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. साऱ्या जिन्याला त्या पाढेबाई म्हणूनच ठाऊक होत्या. घड्याळाच्या दुकानावर एक लांबोळकी खोली होती. तिथे संध्याकाळी स्पॅनिशचा वर्ग भरे, आणि बाईंच्या तासाला क्रियापदं पाढ्यासारखी म्हटली जात. त्यातही 'जाणे' हे क्रियापद त्यांचं फार लाडकं. स्पॅनिशमधलं 'जाणे' म्हणजे घरातलं वाह्यात कार्टं. नाव 'इर', पण वर्तमानकाळात ते 'वोय, वास, वा' होऊन येतं, भूतकाळात 'फुई, फुइस्ते, फुए', आणि 'जावं' म्हणायची पाळी आली की 'वाया'. एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ! पहिल्या दिवशी 'वास' आला की मागचा बाक खिदळे. बाई हसत नसत. नव्या माणसाला त्या उभं करत, सगळे काळ आणि सगळे अर्थ म्हणायला लावत, आणि त्यांचा नियम एकच होता: चुकलं की पहिल्यापासून.

एकदा एक पोट सुटलेला बेकरीवाला संकेतार्थापाशी पुन्हापुन्हा अडखळला. घामाघूम होऊन तो म्हणाला, मला तिकडच्या व्यापाऱ्यांशी चार शब्द बोलता आले तरी पुष्कळ झालं. बाई म्हणाल्या, पहिल्यापासून. तो परत आला नाही, आणि बाईंनाही त्याचं काही वाटलं नाही. कच्चं मडकं, गेलं तर गेलं.

आता बाईंच्या पोटातली गोष्ट सांगायला हवी. त्यांनी आयुष्यात कुणा स्पॅनिश बोलणाऱ्याशी पाच मिनिटं गप्पा मारलेल्या नव्हत्या. त्यांच्या सरांनी भाषा पुस्तकातून शिकवली, बाईंनी ती घोटली आणि पुढे घोटून घेतली. संभाषणाचा तास पलीकडच्या खोलीत एक तरुण मास्तर घेई, आणि त्या खोलीत बाई चुकूनही डोकावत नसत. शिवाय पाढ्याची एक खोड असते. सात आठे किती असं अवचित विचारलं की पाठांतरवाला मनात सात एके सातपासून निघतो. बाईंचं तसंच व्हायचं. 'ते गेले' म्हणायचं तर 'मी गेलो'पासून निघावं लागे, आणि मुक्कामी पोचेपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असे. वर्गात सगळेच पहिल्यापासून म्हणत, म्हणून हे कधी कुणाला कळलं नाही.

आणि बाईंच्या मुलानं नेमकी स्पॅनिश बोलणारीच मुलगी पसंत केली.

पोरगी गोड होती. मुलाकडून तिनं घरची भाषा उचलली होती, आणि लिंगाची पार वाट लावत ती धडाधड बोलायची. 'मी बाजारात गेला, भाजी आणला,' असं ती सांगे आणि होणारे सासरेबुवा खूश होऊन मान डोलावत. बाई मात्र तिला थांबवून 'गेले, आणली' असं दुरुस्त करत. पोरगी हसून पुन्हा म्हणे. लग्न ठरलं, तशी मुलीची आई आठवड्याभरासाठी मुक्कामाला यायची निघाली. ती विधवा, शिवणकाम करणारी, आणि तिला स्पॅनिशशिवाय एक अक्षर येत नव्हतं. मुलगा म्हणाला, काही अडत नाही, आमची आई आहे ना. बाईंचे यजमान तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटले की आमच्या हिला ती भाषा पाण्यासारखी येते. बाई एवढंच म्हणाल्या, 'येऊ दे की.'

पहिल्या रात्रीच्या जेवणाला बाईंनी स्वागताचं भाषण केलं. आठवडाभर घोटलेलं. क्रियापदं अशी चोख पडली की पोरीनं टाळ्या वाजवल्या आणि यजमानांची छाती फुगली. विहीणबाईंचा चेहरा उजळला. परमुलखात आपलं बोलणारं कुणी भेटलं, या आनंदात त्यांनी बाईंचा हात धरला आणि बोलायला सुरुवात केली. बाईंना त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पळत होते. बाई हसल्या, मान हलवली, आणि 'सी, सी' म्हणाल्या, म्हणजे 'हो, हो'. तेवढ्यावर भागलं.

मग आठवडाभर त्यांनी युक्त्या केल्या. विहीण दिवाणखान्यात आली की यांना स्वयंपाकघरात काम निघे. पोरगी आसपास असली तरच त्या विहिणीजवळ बसत, म्हणजे पोरगी आपसूकच दोन्हीकडचं बोलणं करून देई. मधल्या शांततेत बाई एखादं लहानसं वाक्य टाकत, अगदी बिनचूक. विहीणबाई कौतुकानं बघत. त्या कौतुकानं बाईंना मेल्याहून मेल्यासारखं होई, पण आता चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणून त्यांनी ते रेटलं.

शेवटच्या दुपारी मुलगा आणि ती पोरगी लग्नाचा हॉल बघायला गेली. यजमान आतल्या खोलीत घोरत होते. बाई ओट्याशी भांडी घासत होत्या. विहीणबाई आल्या, त्यांनी कपडा घेतला आणि एकेक ताटली पुसून ठेवू लागल्या. थोडा वेळ बरं चाललं. मग त्यांनी हातातली ताटली खाली ठेवली, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात बोलायला लागल्या.

खूप वेळ बोलल्या. मध्येच रडल्या, डोळे त्याच कपड्याला पुसले आणि पुन्हा बोलल्या. बाई कान देऊन ऐकत होत्या. प्रवाहातून त्यांना ओळखीचे तुकडे दिसत आणि दिसताच वाहून जात. 'वोय' आला: वर्तमान, प्रथमपुरुष. 'वाया' आला: विध्यर्थ. 'फुएरा' आला, तोच तो बेकरीवाल्याला न जमलेला संकेतार्थ. बाईंनी प्रत्येकाला नेमका ओळखला, त्याचा काळ, त्याचा पुरुष, त्याचं वचन. एक बाई आपल्यासमोर कशासाठी रडते आहे, ते मात्र त्यांना कळलं नाही. कागद-पेन पुढे केलं असतं तरी भागलं असतं, लिहिलेलं त्यांनी शब्द न् शब्द लावलं असतं. पण कागद मागायचा म्हणजे पितळ उघडं करायचं. उद्या सकाळी यांचं विमान आहे, जाण्याचंच काहीतरी बोलत असतील, लेकीला सोडून जाताना कुणाला रडू येत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

शेवटी विहीणबाईंनी काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी थांबल्या.

'सी,' बाई म्हणाल्या.

विहीणबाईंनी तेच पुन्हा विचारलं, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून. बाईंनी त्यांच्या हातावर आपला ओला हात ठेवला आणि म्हणाल्या, 'सी, सी.'

विहीणबाईंनी त्यांना मिठी मारली. त्या मिठीत बाईंना आपली इतकी लाज वाटली की त्यांना स्वतःच्याच अंगाचा वास आल्यासारखं झालं.

रात्री पोरीनं विचारलंच. 'आई तुमच्याशी खूप बोलला म्हणे. काय बोलला?'

'बोलली,' बाई सवयीनं म्हणाल्या. मग म्हणाल्या, 'काही नाही गं. लेकीची काळजी. दुसरं काय असतं आईच्या मनात?'

सगळे हसले. यजमान म्हणाले, दोन विहिणींनी एकमेकींपाशी मन मोकळं केलं, याहून आणखी काय हवं.

सकाळी विमानतळावर सामान देऊन झालं. मुलगा ट्रॉली ठेवायला गेला, पोरगी पाण्याची बाटली आणायला गेली. तेवढ्यात विहीणबाईंनी पर्समधून रुमालाची छोटी पुरचुंडी काढली आणि बाईंच्या मुठीत दाबली. बाईंनी गाठ सैल करून पाहिलं. आत कानातली जोडी होती. आल्या दिवसापासून विहिणीच्या कानांत होती तीच. लग्नात नवरीच्या कानांत घालतात, विहीणबाईंना त्यांच्या आईनं दिली होती, आता लेकीच्या कानांत आपण स्वतःच्या हातानं घालणार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितल्याचं पोरीकडून कळलं होतं. विहीणबाईंचे कान आता मोकळे होते. स्वतः घालणार होत्या, मग आज ही आपल्याकडे का? काल आपण कशाला 'हो' म्हणून बसलो?

पोरगी बाटली घेऊन आली. बाईंनी तिला दंडाला धरून खांबाआड ओढलं.

'ऐक. काल तुझी आई काय म्हणाली, ते मला कळलं नाही.'

पोरीला गंमत वाटली. 'कोणता शब्द?'

'शब्द नव्हे. काहीच कळलं नाही. मला बोललेलं कळतच नाही तुमचं. कधीच कळलं नव्हतं. मी नुसती हो हो म्हणत होते.' बाईंना तिच्याकडे बघवेना. 'ती रडत होती खूप. मला काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. आणि आता हे दिलंय.'

पोरीनं रुमाल पाहिला. तिचं हसू मावळलं. ती आईकडे गेली आणि रुमाल तिच्यापुढे धरला. बाई खांबापाशीच राहिल्या. दुरून त्यांना दिसत होतं, पोरगी विचारते आहे, आई मान हलवते आहे, पोरगी पुन्हा विचारते आहे. मग विहीणबाईंनी पोरीच्या खांद्यावरून सरळ बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. काल ज्या बाईला मिठी मारली ती कुठे गेली, असं काहीतरी त्या शोधत होत्या. बाईंनी मान खाली घातली.

मुलगा दोघींपाशी जाऊन आला आणि त्यानंच येऊन सांगितलं, तुटक तुटक. तिच्या आईच्या पोटात गाठ आहे. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी फारशी आशा दिलेली नाही. लेकीला कळलं तर ती लग्न मोडून मागे येईल, म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. काल फक्त बाईंना सांगितलं. लग्न होईपर्यंत मुलीला कळू देणार नाहीस, आणि मी नसले तर माझ्या जागी तू उभी राहशील, असं वचन मागितलं. बाईंनी दिलं, दोनदा.

'तू दिलंस वचन,' तो म्हणाला. 'आणि आत्ता तूच सांगितलंस.'

बाईंना म्हणायचं होतं की मला ठाऊक नव्हतं. पण तेच तर त्यांचं पाप होतं, ते सबब म्हणून कसं पुढे करायचं?

पोरगी डोळे पुसत तिकिटाच्या खिडकीकडे निघाली होती. ती आईबरोबर जाणार होती, त्याच विमानानं, जमलं नाही तर पुढच्या. लग्नाचं मग बघू. मुलगा तिच्यामागे धावला. विहीणबाई एकट्याच बाकावर बसल्या होत्या. कानातली आता पोरीच्या मुठीत होती.

बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला कळलं नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. सोपं क्रियापद, भूतकाळ, प्रथमपुरुष, एकवचन. पहिल्या महिन्यातला धडा. त्यांनी मनात पाढा धरला, आणि तो सुरूच होईना. सगळे काळ, सगळे अर्थ कुठेतरी गळून गेले आणि हाताशी उरलं ते क्रियापदाचं नुसतं मूळ, कोशात असतं तसं.

'यो,' त्या म्हणाल्या. 'नो. एंतेंदेर.'

मी. नाही. समजणे. वर्गात कुणी असं म्हणालं असतं तर बाईंनी त्याला पहिल्यापासून म्हणायला लावलं असतं.

विहीणबाईंनी वर पाहिलं. त्यांना समजलं. त्या काहीतरी बोलल्या, लांबलचक, भरभर. बाईंची मान सवयीनं हलू लागली होती, ती त्यांनी थांबवली. नाही कळलं, अशी त्यांनी मान हलवली. विहीणबाई पुन्हा बोलल्या, थोडं सावकाश. बाईंनी पुन्हा नाही म्हटलं. आजूबाजूचे लोक बघत होते, बघू देत.

मग लहान मुलाला सांगावं तसं, दोनच शब्द विहीणबाईंनी वेगवेगळे करून सांगितले.

'एसो,' त्या म्हणाल्या. 'आयेर.'

ते. काल.

त्यात एकही क्रियापद नव्हतं. बाईंना ते लगेच कळलं: 'कळलं नाही' हे काल सांगायचं होतं.