गुडघ्याखालची गोधडी

आमच्या घरात आरडाओरडा करायचं खातं माझ्याकडे आहे. काळजीचं खातं आईकडे, कबड्डीचं दर्शनाकडे. गप्प बसायचं बाबांकडे होतं. शेवटी अर्धांगवायूनं त्यांची वाचाच गेली, तेव्हा ते कायमचं त्यांच्याकडेच राहिलं. मी किरण, थोरली. मुलुंडला एका लॅबच्या काउंटरवर बसते, लोकांवर दिवसभर डाफरते आणि उरलेलं घरी आणते.

दर्शना माझ्याहून पाच वर्षांनी लहान. दिंडोशीच्या आमच्या वसाहतीमागे मैदान आहे, तिथे जयवंत सर मुलींचा संघ घेतात. तिथली सगळ्यात भारी चढाई दर्शनाची. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, बहीण म्हणून मी तिला शिव्याच घालते. तिची एक खासियत होती. पाच जणींनी तिला पालथी पाडून वर बसकण मारली तरी तिचा डावा पाय मागे सरकत सरकत जायचा, आणि अंगठा मध्यरेषेला टेकायचा. वरच्या पाच जणी बाद. समोरचा संघ खुळ्यासारखा बघत बसायचा.

घाटकोपरच्या स्पर्धेत तोच डावा गुडघा गेला. कुणी धक्का दिला नाही, काही नाही. पाऊल मॅटवर चिकटून राहिलं आणि ही वरून वळली. मी बाहेर बाकड्यावर वडापाव खात होते. ती ओरडली नाही, नुसती खाली बसली आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवला. मला तेव्हाच कळलं की वाट लागली.

आतलं लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून त्या जागी नवं लिगामेंट बसवू. ऑपरेशन चांगलं झालं, पाय सरळ राहावा म्हणून वरून लांब पट्टा बांधला. डॉक्टर म्हणाले, "आमचं काम संपलं, आता तुमचं सुरू." मग रुचिरा मॅडम आल्या, फिजिओ. त्यांनी दर्शनाला, मला आणि आईला समोर बसवून सांगितलं की पाय वाकवायची घाई नाही, तो हळूहळू वाकेल. पण सरळ आत्ताच व्हायला हवा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा अधांतरी ठेवायचा, तो आपल्या वजनानं खाली जाईल. दुखेल. दुखू द्यायचं. "आणि काहीही झालं तरी गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. बरं वाटेल, पण पाय तसाच वाकडा धरेल." आईनं मान डोलावली. मी पाहिलं ना, डोलावली.

आईचं म्हणजे, विमलाबाईंचं, काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिला नावं ठेवाल. नावं ठेवायचा हक्क फक्त माझा. बाबा आठ महिने अंथरुणाला खिळून होते. तेव्हा इस्पितळातल्या एका सिस्टरनं आईला शिकवलं होतं, पडून असलेल्या माणसाच्या गुडघ्याखाली, टाचेखाली मऊ काहीतरी द्यायचं, कूस बदलत राहायची. आईनं बाबांच्याच जुन्या शर्टांची एक छोटी गोधडी शिवली, घट्ट गुंडाळी व्हावी एवढीच. बाबा इस्पितळातच गेले, तेव्हा त्यांच्या अंगावर पडून राहून होते तशी एकही जखम नव्हती. डॉक्टरांनी वॉर्डमधल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं, बघा, याला म्हणतात सेवा. आई शाळेत आयाचं काम करते, तिला आयुष्यात कुणी असं चारचौघांत शाबास म्हटलेलं नाही. तेवढं एकदाच.

दर्शनाचं ऑपरेशन झालं तशी आईनं शाळेतून रजा घेतली. दिवसभर तीच घरी. संध्याकाळी मी आले की दर्शनाचे व्यायाम करून घ्यायचे. टाचेखाली टॉवेल ठेवला की ती ओठ चावायची, घामानं भिजायची. आई तेवढा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहायची, वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा झटकत.

पण गुडघा काही खाली जाईना. रुचिरा मॅडम दर खेपेला हातानं दाबून बघायच्या आणि त्यांचा चेहरा उतरायचा. "घरी करताय ना नीट?" दर्शना हो म्हणायची. मी म्हटलं, ही अंगचोर झाली. घरी येऊन तिला नाही नाही ते बोलले. "पुढच्या हंगामात निवड चाचणी आहे आणि तू मोबाइल बघत लोळतेस? उपनगर जिल्ह्याच्या संघात कुणी तुला पाट मांडून बोलावणार आहे का?" एरवी उलट बोलल्याशिवाय न राहणारी मुलगी, भिंतीकडे बघत बसली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण आम्ही आमच्याच आवाजात गुंग.

एके दिवशी लॅबची लाइट गेली आणि मी दुपारीच घरी आले. आई दळण आणायला खाली गेली होती. दर्शना गोळी घेऊन झोपली होती, अंगावर चादर. पंख्यानं चादर सरकली होती. पायाचा पट्टा सैल केलेला आणि गुडघ्याखाली बाबांच्या शर्टांची गोधडी. नीट गुंडाळलेली, वरून आईचं मऊ लुगडं लावलेलं, शिवण टोचू नये म्हणून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती गोधडी ओढली. दर्शना जागी झाली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"किरणताई, आईला बोलू नको."

"म्हणजे तुला माहिती होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"घरी आणलं तेव्हापासून. मी झोपले असं वाटलं की येते. पट्टा सैल करते, हळूच पाय उचलते, खाली सारते. रात्रीसुद्धा."

"अगं मग काढून का नाही टाकलीस? तुला मॅडमनी सांगितलेलं ना? बहिरी होतीस का?"

"काढणारच होते. पहिल्या दिवशी वाटलं, आजचा दिवस राहू दे. इतकं दुखत होतं यार, आणि ती खाली सारली की एकदम थांबायचं." तिनं पाय बघितला. "मग दुसऱ्या दिवशी ती पाय चेपत बसली होती आणि एकटीच बोलत होती. म्हणत होती, यांना एक जखम होऊ दिली नाही, पोरीला पण होऊ देणार नाही. बाबा गेल्यापासून तिला इतकं शांत मी पाहिलंच नव्हतं. कसं सांगू तिला?"

मला बोलायला खूप होतं. पण तेवढ्यात आई पिठाचा डबा घेऊन आली. माझ्या हातात गोधडी, दर्शनाच्या हातात माझं मनगट. आई थबकली.

मी म्हटलं, "आई, मॅडम म्हणाल्या, आता ही ठेवायची नाही."

"लागत नाही आता?" आईचा चेहरा उजळला. "म्हणजे बरी झाली पोरगी." तिनं माझ्या हातातून गोधडी घेतली, घडी केली आणि कपाटात बाबांच्या फोटोखाली ठेवून दिली.

मॅडमनी डॉक्टरांकडे पाठवलं. आत सगळं आवळून धरलं होतं. पुन्हा भूल, पुन्हा दुर्बीण, आतलं सोडवलं. पुन्हा ते व्यायाम, पहिल्यापेक्षा दुप्पट. या खेपेला मी रजा घेतली आणि आईला शाळेत पाठवलं. दर्शना रडायची, मी टाच धरून ठेवायचे. पाय बराचसा सुटला. बराचसा, पूर्ण नाही. चालताना कुणाला कळत नाही. जिना चढते, मांडी घालते. डॉक्टर म्हणाले, रोजच्या आयुष्याला काही अडणार नाही. रोजचं आयुष्य मागायला कोण गेलं होतं त्यांच्याकडे?

एक अख्खा हंगाम बाहेर बसून काढल्यावर ती चाचणीला उतरली. मी बाकड्यावर, जयवंत सर माझ्या शेजारी. तिसऱ्या चढाईला तिला पकडली. चौघी वर बसल्या आणि तिचा डावा पाय मागे सरकायला लागला. मला तो पाय झोपेतसुद्धा ओळखता येईल. सरकला, सरकला, अंगठा ताणला. मध्यरेषेपासून चार बोटांवर थांबला. ती पुन्हा पुन्हा तो ताणत होती, पण गुडघा पुढे सुटेना. पंचांनी शिट्टी मारली. सर त्या रेषेकडे बघत म्हणाले, "तिला म्हणावं, लहान मुलींना शिकवायला ये." मी त्यांच्यावरही ओरडले असते, पण त्यांचे डोळे भरले होते.

रविवारी शेजारच्या शुभाकाकू आल्या. निवड झाली नाही हे वसाहतीत पसरलं होतं. दर्शना खाली बसून भाजी निवडत होती, डावा पाय लांब करून. लांब केला की गुडघ्याखाली अजून हात जाईल एवढी फट राहते. काकू त्या फटीकडे बघत म्हणाल्या, "एवढं ऑपरेशन करून काय फायदा झाला गं, विमल? दोन-दोनदा चिरफाड."

आई कपाटाला टेकून बसली होती. "डॉक्टरांचं काय चुकलं कुणास ठाऊक," ती म्हणाली. "आपण शिकलेलो नाही, आपल्याला काय कळणार. पण माझ्या बाजूनं मी काही कमी केलं नाही हो. यांचं केलं तसंच हिचं केलं. रात्र रात्र उशाशी बसले. खेळायला नाही मिळालं तिला, पण घरात होती तोवर तिला दुखू दिलं नाही. विचारा तिला."

काकूंनी दर्शनाकडे पाहिलं. आईनंही पाहिलं, परीक्षेचा निकाल विचारावा तसं.

मी तोंड उघडलं.

"हो काकू," दर्शना भाजीतून मान वर न करता म्हणाली, "आई होती म्हणून नाही दुखलं." आणि पाय हळूच जवळ ओढून घेतला.

मी काकूंना विचारलं, चहा टाकू का.