मोटारीची ओटी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, आणि अजून स्वतःच्या चाकांवर चालते. यातला दुसरा भाग मी मुद्दाम सांगितला, कारण मध्यंतरी तीन वर्षं मला बैल ओढत होते. ते आठवलं की आजही माझ्या दिव्यांच्या काचा शरमेने धुरकट होतात.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. पोलादी सांगाडा, लाकडी चौकट, वर कापडी छत, घोड्याच्या केसांनी भरलेल्या गाद्या आणि रबरी फुग्याचा पितळी भोंगा. रंग गर्द हिरवा. बोटीतून मुंबई, तिथून आगगाडीने नागपूर, आणि मग छोट्या रुळांच्या गाडीच्या उघड्या डब्यात बसून मी चांदा जिल्ह्यातल्या सिंदेवाही स्टेशनवर उतरले. साल होतं १९२९. स्टेशनपासून तीन कोसांवरच्या गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, गुणवंतराव यांनी मला मागवलं होतं. मी गावात शिरले तेव्हा लोकांनी मला कुंकू लावलं आणि माझ्यापुढे नारळ फोडला. एका म्हाताऱ्याने पेंढीभर हिरवं गवत आणून माझ्या तोंडाशी धरलं. मी खाईना, तेव्हा बिचारा काळजीत पडला.

पुढची वीस-बावीस वर्षं मी मिरवले, दुसरा शब्द नाही. सागवानाच्या जंगलातून लाल धुरळा उडवत मी चांद्याला जायची, ब्रह्मपुरीला जायची. मला चालवायचे आणि दुरुस्तही करायचे ते बाबूभाई मिस्त्री. माणूस सडसडीत, दाढीला मेंदी, आणि कान असा तयार की माझ्या इंजिनाची धडधड ऐकून कुठला स्क्रू ढिला आहे ते सांगणार. माझी सगळ्यात मानाची फेरी १९५१ च्या उन्हाळ्यातली. मालकांची एकुलती एक लेक चंदा, तिचं लग्न झालं, आणि सासरच्या गाडीत बसवायला तिला स्टेशनवर मीच नेलं. जाताना सगळे बोलत होते. येताना चंदाची आई सुगंधाबाई मागच्या गादीवर एकटी बसली होती आणि तीन कोस एक अक्षर बोलली नाही. गाव आल्यावर तिने माझ्या दारावरून हात फिरवला. म्हणाली, "आता घरात पोर म्हून तूच राह्यली वं बाई."

इथूनच माझ्या हालअपेष्टा सुरू झाल्या. मायेने सुरू झाल्या, हे त्यातलं विशेष.

आमच्याकडे मृग लागला की रस्ते चिखलात जातात, नाले भरून वाहतात. त्यामुळे पावसाळाभर मी मोटारखान्यात उभी राहायची ती थेट दिवाळीनंतर गावची मंडई भरेपर्यंत. मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली मोठी जत्रा. गावोगावचे पाहुणे येतात, दंडार हा नाचगाण्याचा खेळ होतो, नाटकं होतात, आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. माझ्या मोटारखान्याला लागूनच धानाच्या ढोल्या, म्हणजे बांबूच्या मोठ्या कणग्या होत्या. ढोल्यांत धान, धानाला उंदीर. पण इतकी वर्षं ते आपल्या घरी आणि मी माझ्या घरी, असं आमचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी मला आत लावलं, तेव्हा सुगंधाबाई ताट घेऊन आली. लेक चार महिने दूर जाणार, तिला रिकामी कशी धाडायची? तिने माझ्या टपाला हळदकुंकू लावलं आणि मागच्या गादीवर खण, नारळ, सुपारी आणि ओंजळ-ओंजळ करून तांदूळ ठेवले. माझी ओटी भरली! मित्रांनो, एवढा मान विलायतेतल्या कुठल्याही मोटारीला मिळाला नसेल. मला भरून आलं. बाईने सगळ्यांना बजावलं, "पोरीची ओटी हाये. कोनी हात लावू नका." आणि कोणीही हात लावला नाही.

पाय मात्र लागले. चार-चारांचे.

पहिल्या आठवड्यात तांदूळ संपले. मग खण कुरतडला गेला, खणाची मऊ घडी बिळाला कामी आली. घर बांधलंच आहे तर गादी कशाला सोडायची, म्हणून घोड्याचे केस उपसले गेले. माझ्या तारांवर त्या काळच्या पद्धतीप्रमाणे सुती वेष्टण होतं, तेही त्यांच्या पिल्लांना शिवशिवणारे दात घासायला बरं पडलं. मला सगळं कळत होतं. पण मी सांगणार कशी? माझा आवाज म्हणजे भोंगा, आणि भोंग्याचा रबरी फुगाच त्यांनी खाल्ला होता.

मंडईच्या दिवशी चंदाला आणायला स्टेशनवर जायचं, तर मी ढिम्म. बाबूभाईंनी हँडल मारून मारून हात सोलून घेतले. शेवटी वारलूने बैलजोडी आणली. वारलू म्हणजे मालकांचा सुतार, जंगलातल्या एका गोंड पाड्यातून आलेला, अबोल माणूस. त्याने मला दोर बांधला आणि बैलांनी मला ओढत स्टेशनवर नेलं, आणि चंदाला घेऊन ओढत आणलं. मंडईला जमलेली चार गावं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हसत होती. कोणी ओरडलं, "अरे, बैलाले पेट्रोल पाजा!" चंदाने पदराआड तोंड लपवलं.

बाबूभाईंनी नव्या तारा घातल्या, भोंग्याला नवा फुगा बसवला, गादी शिवून घेतली. उन्हाळा संपेपर्यंत मी चालले. पुढच्या मृगाला पुन्हा ओटी, पुन्हा उंदीर, पुन्हा बैल. तिसऱ्या वर्षीही तेच. एव्हाना सरकारी कायद्याने मालगुजारी गेली होती आणि मालकांचा दिमाखही थोडा उतरला होता. चेष्टा सहन व्हायला दिमाख लागतो. तिसऱ्या वर्षी बैलांच्या मागून घरी पोचल्यावर गुणवंतराव अंगणात उभे राहून कडाडले, "मिस्त्री, ऐकून घ्या. पुढच्या मंडईले हे मोटर जर बैलायनं ओढली, त् हिचं इंजिन मी धान कांडाच्या मशिनीले लावीन. अन् ढाच्यात कोंबड्या पाळीन."

आणि मग त्यांनी माझी लांबी वीत-वीत करून मोजली. किती कोंबड्या मावतील ते पाहत होते. मित्रांनो, जिवंतपणी आपल्या अंगावर खुराड्याचं माप घेतलं जाणं काय असतं, ते मला विचारा!

बाबूभाई त्या दिवशी माझी गादी उसवून बसले. मग त्यांनी वारलूला हाक मारली आणि तळहात उघडला. तळहातावर लाल खणाची चिंधी, करवंटीचा तुकडा आणि अर्धी सुपारी.

"वारलू, शेजारी धानाच्या ढोल्या भरून हायेत. तरी उंदीर इथी काऊन येते, ते आज समजलं. दावत देऊन बोलवून राह्यलो आपन त्यायले."

वारलू म्हणाला, "मंग बाईले सांगा."

"मी कसा सांगू? ओटीची गोष्ट हाये. बाईच्या धरमाची, बाईच्या पोरीची. मी मुसलमान मानूस, वरतून नोकर. जबान कशी उघडू?"

ती चिंधी त्यांनी खिशात ठेवली. हिवाळाभर आणि उन्हाळाभर ती त्यांच्या खिशात होती. मला चालवताना ते मधूनच खिसा चाचपायचे, तोंड उघडायचे आणि मिटायचे. मागे सुगंधाबाई बसलेली असायची.

मृग लागला. मला आत लावलं. ताट घेऊन बाई आली, तांदळाची पहिली ओंजळ उचलली, आणि बाबूभाई आडवे उभे राहिले. इतक्या वर्षांत ते असे कधी उभे राहिले नव्हते.

"बाई, गुस्सा नका करू. एक विचारतो. चंदाबाईची ओटी भरता तुमी, तं ते तांदूळ पोरगी नेऊन काय करते?"

"काय करन? शिजवते, खीर करते. काऊन?"

"अन् ही पोरगी?" त्यांनी माझ्या चाकाला हात लावला. "हे त् शिजवत नाई. मंग हिची ओटी कोन खाते?"

त्यांनी खिशातली चिंधी काढून ताटात ठेवली. बाईने ती उचलली, उलटी-सुलटी केली. आपलाच खण तिने ओळखला. ढोलीमागे उंदरांची खुडबूड चाललीच होती. बाबूभाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, आता यांची नोकरी जाते आणि माझं खुराडं होतं.

"म्हंजे," बाई सावकाश म्हणाली, "तीन वरसं मी उंदरायची ओटी भरून राह्यली?"

आणि ती हसली. आधी गालात, मग पदर तोंडाला लावून, मग डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. त्या पाण्यात सगळंच हसू नव्हतं. डोळे पुसून ती म्हणाली, "मिस्त्री, तीन वरसं माह्या पोरीची फजिती मीच केली. तुमी पयलेच बोलाचं होतं." त्या तांदळाची तिने लगोलग खीर केली, आणि बाबूभाईंना आणि वारलूला समोर बसवून वाढली.

माझी ओटी त्या वर्षीही भरली गेली, पण नव्या जिनसांनी. वेखंडाची कांडं, निर्गुडीचा पाला, कडूनिंबाच्या वाळल्या काटक्या. वास असा की मलाच शिंक यावी. खण मात्र बाईने परत नेला, मंडईच्या दिवशी देईन म्हणून.

बाबूभाईंना विषाच्या गोळ्याही ठेवायच्या होत्या. वारलूने मान हलवली. "इख नको. उंदीर गादीत मरन, चार महिने वास मारन. आमच्या पाड्यात ढोली मचानावर राह्यते. खांबाले उपडी मडकी घालतो. उंदीर चढते, मडक्याखाली अडते, खाली पडते." त्याच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग काय! सागवानाचे चार ठोकळे आले, दीड हात उंच. घासलेटचे डबे कापून त्यांच्या गुळगुळीत झालरी केल्या आणि ठोकळ्यांना उघड्या छत्रीसारख्या ठोकल्या. दहा गड्यांनी लाकडी बल्ल्या खाली घालून मला उचललं आणि त्यावर ठेवलं. माझी चाकं अधांतरी. भिंतीपासून चारी बाजूंनी मोकळी जागा, वरून लोंबणारा दोर काढलेला, टाकीतलं पेट्रोल काढलेलं. उंदराने धुराच्या नळीतून शिरू नये म्हणून वारलूने सागवानाचं बूच तासलं आणि नळीत घट्ट ठोकलं. दर पंधरा दिवसांनी बाबूभाई चिखल तुडवत यायचे, इंजिन जाम होऊ नये म्हणून नुसतं हँडल फिरवायचे आणि जायचे.

आणि मी वरून तमाशा पाहिला! भर दुपारी, बाहेर मुसळधार पाऊस, आणि खाली माझे जुने भाडेकरू. त्यातला एक लठ्ठ उंदीर मी चांगला ओळखत होते. माझी अर्धी गादी त्याच्या पोटात होती. तो ठोकळ्यावर चढायचा, टिनाखाली डोकं आपटायचा, कडेला लोंबकळायचा, नखं खर्र करून सरकायची आणि धप्प! पुन्हा चढायचा. पोळा झाला, दसरा झाला, आणि मग एके दिवशी तो माझ्याकडे एकदा वर पाहून ढोलीकडे निघून गेला. तिथे त्याच्यासाठी बक्कळ धान होतं. माझं त्याच्याशी वैर नव्हतं, मित्रांनो.

मंडईचा दिवस उजाडला. मला खाली उतरवलं. गादी शाबूत, तारा शाबूत, एक दातही लागला नव्हता. सुगंधाबाईने नवा खण माझ्या भोंग्याला बांधला आणि मागे जाऊन बसली. बाबूभाईंनी पेट्रोल भरलं, "बिस्मिल्ला" म्हणून हँडल मारलं.

काही नाही.

दुसऱ्यांदा मारलं. दहाव्यांदा मारलं. माझ्या पोटात ठिणगी पेटत होती, पण श्वास सुटत नव्हता. गुणवंतरावांनी बैलजोडी आधीच तयार ठेवली होती. त्यांनी नुसता हात केला. "उतर वं खाली," ते बाईला म्हणाले. "गाडीची वेळ झाली."

"मी उतरत नाई," सुगंधाबाई म्हणाली. "हे चालन."

बैल दोन पावलं पुढे आले. आणि अबोल वारलू मोठ्याने ओरडला, "मिस्त्री, बूच!"

धुराच्या नळीतलं बूच सगळेच विसरले होते. पावसाळ्याच्या ओलीने ते फुगून बसलं होतं. वारलूने पाय रोवून ते धरलं, बाबूभाईंनी जीव खाऊन हँडल मारलं, आणि धडाम! वारलू उताणा पडला, बूच अंगण ओलांडून थेट कोंबड्यांत जाऊन आदळलं, कोंबड्या कलकलाट करत छपरावर चढल्या, बैल दावं सोडवून परसात पळाले, आणि मी गरजले. हो, गरजलेच! तीन वर्षांचं सगळं त्यात होतं.

त्या दिवशी मी मंडईतून गेले तेव्हा चार गावं पुन्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होती, आणि मी भोंगा वाजवत होते. परतताना चंदा पुढे बसली होती, मान वर करून, आणि माझ्या दारावर थापा मारत होती. गुणवंतराव वाटेत कोणाला तरी म्हणाले, "मले त् मालूमच होतं." बाबूभाई दाढीत हसले. धान कांडायच्या मशिनीला मालकांनी पुढे दुसरं इंजिन आणलं, आणि कोंबड्या अजून छपरावरच बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी सायकल असेल, शिलाईचं मशीन असेल, पेटी असेल. तिच्यावर जरूर माया करा. पण तिला काय हवं आहे, ते आधी तिच्याजवळ बसून पाहा, आणि चूक दिसली तर बाबूभाईंसारखं उन्हाळाभर खिशात ठेवू नका.

चार दिवसांनी चंदाला स्टेशनवर पोचवायला मी निघाले. माझ्याच गादीवर बसून आईने तिची ओटी भरली, खऱ्या तांदळांनी. छोट्या रुळांची गाडी शिट्टी देऊन गेली. रिकाम्या गादीवर सुगंधाबाई परत एकटी बसली, पण या वेळी ती गप्प नव्हती. तिने गादीची प्रत्येक फट बोटांनी चाचपली, शेवटी एक सांडलेला दाणा सापडला, तो पदराच्या टोकाला बांधला आणि मला म्हणाली, "चाल वं पोरी घरी. आता तुह्या घरात कोनी येत नाई."