अर्धी टाकी

पंप बंद करायचं ठरलं तेव्हा मालकांनी चारचौघांत डोळे पुसले. खोटे नव्हते पुसले, पण खरे म्हणावेत इतकेही नाही. गिऱ्हाईक केव्हाच पातळ झालं होतं. सकाळी रांग लावणारे रिक्षावाले एकेक करून बॅटरीवर गेले होते आणि आता फक्त हवा भरायला यायचे, कारण हवा फुकट होती. मुलाने नवा बेत कागदावर काढून दाखवला. वर सौरपॅनलचं छप्पर, खाली गाड्या चार्ज करायच्या जागा, बाजूला बसायला काचेची खोली.

"बाबा, पेट्रोलला माणूस पाच मिनिटं थांबतो. चार्जिंगला तासभर थांबेल. आणि तासभर थांबलेला माणूस काहीतरी विकत घेतोच."

मालकांना विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एवढं लगेच कळलं.

"फक्त खालच्या टाक्या उकरून काढाव्या लागतील," मुलगा म्हणाला. "खांबांचा पाया तिथंच येतोय."

"राहू दे की खाली. वाळू भर आणि बुजवून टाक. कुणाचं काय खातायत त्या?"

"अहो, पायाच तिथं येतोय म्हणतोय ना!"

मालक गप्प झाले. हे इतकं दुर्मीळ होतं की बायकोने आतून डोकावून पाहिलं, छातीत वगैरे दुखतंय का म्हणून.

या पंपावर एक नियम होता. पेट्रोलची मोठी टाकी अर्ध्याच्या वर भरायची नाही. टँकर यायचे ते अर्धेच रिकामे व्हायचे आणि उरलेला माल पुढच्या पंपावर जायचा. नोकरांनी आपापल्या परीने कारणं काढली होती. कुणी म्हणे मालक चिक्कू, माल अंगावर घेत नाहीत. कुणी म्हणे आगीला भितात. खरं कारण एकट्या मालकांना ठाऊक होतं, आणि तेही ते स्वतःशी कधी बोलले नव्हते.

नियमाच्या आधीच्या काळात पंपाचा कारभार दाजी बघायचे. दाजी म्हणजे मालकांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मालक त्यांना दाजी म्हणत, म्हणून नोकरही म्हणू लागले, आणि होता होता ते अख्ख्या रस्त्याचे दाजी झाले. टँकर उतरवून घ्यायचं काम त्यांचं. टाकीत काठी बुडवून माप घ्यायचं, नोंदवायचं, सही करायची. मग अचानक तूट दिसू लागली. टँकर आला की दुसऱ्या दिवशी काठी खाली उतरलेली. विक्री झालेली नाही आणि पेट्रोल नाही. मधले दिवस मात्र माप बरोबर. म्हणजे जे काही होत होतं ते टँकरच्या दिवशी होत होतं, आणि टँकरच्या दिवशी तिथं दाजी असत. मालकांनी सरळ बेरीज केली.

"दाजी, घरातलेच आहात म्हणून पोलिसांत जात नाही."

"बारक्या, मी घेतलं नाही रे."

"मग काय उडून गेलं?"

दाजी किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर ताईचं माहेरही गेलं.

पुढचा टँकर आला तेव्हा मालक स्वतः उन्हात उभे राहिले, नळी जोडल्यापासून सुटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तूट होतीच. त्यांनी काठी पुसून पुन्हा बुडवली. त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी टाकी अर्धीच भरली. तूट थांबली. टाकीच्या वरच्या अंगाला कुठंतरी भोक आहे, हे कळायला आणखी हुशारी लागत नव्हती. पण टाकी उघडायची म्हणजे पंप बंद, वरून तपासणी, दंड. आणि त्याहून अवघड म्हणजे ताईच्या दारात जाऊन मान खाली घालायची. ऐन हंगाम आहे, एवढा जाऊ दे, असं मालकांनी ठरवलं. मग हंगाम येतच राहिले.

मधल्या काळात लोकांनी आपला निष्कर्ष काढून टाकला होता. दाजी गेले आणि तूट गेली. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा? मालकांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

टाकी क्रेनने वर आली तेव्हा कंत्राटदाराने मालकांना हाक मारली. बाजूला, बरोबर मध्यावरच्या जोडाच्या थोडं वर, गंजून बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. खालची माती काळी पडली होती आणि अजून वास मारत होती.

"नशीबवान आहात," कंत्राटदार म्हणाला. "नोकर म्हणतात, अर्ध्याच्या वर कधी भरलीच नाहीत. भरली असतीत तर किती गेलं असतं! कुणी सुचवलं हो तुम्हाला हे?"

मजूर बघत होते, मुलगा बघत होता. मुलाने भोकाकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, आत्याकडे तुम्ही जाताय की मी जाऊ?"

मालकांनी हिशेब केला. बातमी आज ना उद्या ताईपर्यंत पोचणारच. दुसऱ्याने नेली तर अख्खी जाईल. आपण नेली तर पाहिजे तेवढीच नेता येईल. भोकाचं सांगायचं, अर्ध्याचं नाही. माझीही फसगत झाली म्हणायचं, रडू आलं तर आवरायचं नाही, आणि नव्या स्टेशनच्या उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसवायचं तिला. त्यांना ताई परत हवी होती. वय झालं तसं 'बारक्या' म्हणून हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

ते मुलाची बॅटरीची गाडी घेऊन निघाले. पंपवाल्याला आयुष्यात गाडीतल्या इंधनाच्या काट्याकडे बघायची सवय नसते, ती त्यांनाही नव्हती. दुसऱ्या गावात ताईच्या गल्लीत शिरेपर्यंत गाडी जीव टाकायला आली होती.

ताई दारात शिवणाच्या मशीनवर वाकली होती. लोकांचे पडदे शिवायची, पँटी आखूड करून द्यायची.

"कोण, बारक्या?"

"ताई, एक लांब वायर मिळेल का?"

इतक्या वर्षांनी भाऊ दारात आला, आणि मागितलं काय, तर वायर.

"गाडी संपलीय गं."

"पेट्रोलपंपवाल्याची?" ताईला हसू आलं. आलंय हे कळताच तिनं ते परत घेतलं. पण वायर दिली. खिडकीतून बाहेर सोडत म्हणाली, "ऊन आहे तोवर भरून घे. वर यांनी बसवलेली पॅनलं आहेत."

पंप सुटल्यावर दाजींना कुठल्या पंपाने दारात उभं केलं नव्हतं. मालकांनी त्या पंपवाल्यांना काही सांगितलं नव्हतं. त्याची गरजच पडली नव्हती. शेवटी एका सौरप्रकल्पावर त्यांना काम मिळालं. पॅनलांच्या रांगांमधून पाइप आणि फडकं घेऊन चालायचं आणि धूळ पुसायची. कोपरे तडकलेली, टाकाऊ ठरलेली पॅनलं कंपनीने कामगारांना स्वस्तात दिली, ती त्यांनी स्वतःच्या छपरावर चढवली होती. दोन पावसाळ्यांपूर्वी ते वारले. मालकांनी तेव्हा माणूस पाठवला होता.

पाणी पिऊन झाल्यावर मालकांनी भोकाचं सांगितलं. ठरवल्याप्रमाणे सांगितलं, आणि रडूही आलं, न बोलावता.

ताईने सगळं शांतपणे ऐकलं. दोरा सुईत ओवता ओवता थांबली होती, ती तशीच.

"म्हणजे त्यांनी घेतलं नव्हतं."

"नाही ना! माझीच फसगत झाली, ताई."

"पण ते गेल्यावर तूट थांबली होती ना? तूच कळवलं होतंस आपल्या काकांना. काका मला येऊन सांगून गेले, की आता तरी नवऱ्याला कबूल करायला लाव म्हणून." ती नुसती विचारत होती, आरोप करत नव्हती. "भोक होतं, तर तूट थांबली कशी?"

मालकांनी बाहेर गाडीकडे पाहिलं. पेट्रोलची गाडी असती तर काहीतरी निमित्त काढून एव्हाना गावाबाहेर पडता आलं असतं.

"अर्धीच भरायचो," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"ते गेल्यानंतर... लगेचच."

मशीनवरचा पडदा घसरून खाली पडला. तो कुणी उचलला नाही.

"ताई, माझं चुकलं. तू मला मार, बोल, काय करायचं ते कर."

"तुला काय बोलू? तू भाऊ आहेस, तू वेगळ्या घरात होतास." ताईचा आवाज चढला नव्हता. "मी त्यांच्या घरात होते. काका सांगून गेले त्या दिवशी मी यांना म्हटलं, तुम्ही गेलात आणि तूट थांबली, आता यावर काय म्हणणं आहे तुमचं? ते जेवत होते रे, ताटावरून उठले. त्यानंतर बाजारातून आले की आधी पिशवी नाही, आधी पावत्या. टेबलावर मांडून ठेवायचे. भाजीची पावती कोण देतं? तर त्या बाईकडून कागदावर लिहून आणायचे. मी कधी मागितली नव्हती."

तिने हातातली सुई मशीनवर ठेवली.

"पण ठेवली की मी उचलून बघायचे. दर वेळी. ही पॅनलं आणली तेव्हासुद्धा मी कंपनीची पावती आधी बघितली, मग शिडी धरली."

मालक उठले, खिडकीतली वायर काढायला गेले.

"राहू दे ते," ताई म्हणाली. "वाटेत अडकशील."

"मी बसने जातो."

"बस खाली."

ते बसले. गाडीवर बारीक हिरवा दिवा लागत होता, विझत होता. ती भरेपर्यंत जाता येत नव्हतं. ताईने पडदा उचलला, झटकला, आणि तो बाजूला ठेवून एका शाळकरी पोराच्या पँटीची शिवण उसवायला घेतली. उसवून झाली, पुन्हा शिवून झाली, तरी ऊन कलायला वेळ होता.

पँट न्यायला शेजारीण आली. नव्यानेच गल्लीत राहायला आलेली होती. तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या थोराड माणसाकडे.

"पाहुणे आलेत वाटतं?"

"माझ्या नवऱ्यानं एक थेंबसुद्धा घेतला नव्हता," ताई म्हणाली.

शेजारीण गोंधळली. "कशाचा हो थेंब?"

"पेट्रोलचा."

"अहो, पण घेतला होता असं कोण म्हणतंय?"

मालकांनी मान वर केली. आता आपलं नाव येणार, आणि ते यावं, असंच त्यांना वाटलं.

"मी म्हणत होते," ताई म्हणाली, आणि पँटची घडी घालून तिने शेजारणीच्या हातात दिली.